दिवाळीचा बाजार आणि इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी शिकवणारं कोणतंही जागतिक पाठ्यपुस्तक उघडा, खरेदीवरचा एक धडा त्यात असतोच. ही पुस्तकं एकाच वेळी अनेक देशांत विकायची असतात. त्यामुळे राजकारण, धर्म, दारू, लैंगिकता, अमली पदार्थ हे विषय टाळावेत असं प्रकाशक लेखकांना सांगतात. मग उरतात प्रवास, खाणंपिणं, तंत्रज्ञान आणि खरेदी. जॉन ग्रे या अभ्यासकाने २०१० साली इंग्रजीच्या जागतिक पाठ्यपुस्तकांवर एक सबंध ग्रंथ लिहिला आणि त्यांतली माणसं कशी जगतात ते दाखवलं. ती सतत फिरतात, विकत घेतात, नोकरीत वर चढतात. इंग्रजी भाषाही त्या राहणीमानाचाच एक भाग म्हणून विकली जाते. खरेदी हा विषय कुणाला दुखावणारा नाही, म्हणून सोयीचा, असं त्यामागचं गणित असतं.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या वर्गात हे गणित चुकतं. इथे खरेदी म्हटलं की बोनस आला का, सोयाबीन कोणत्या भावाने गेलं, हप्ते किती राहिले, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटलं का, हे सगळं त्या एका शब्दामागे उभं राहतं. माझं म्हणणं असं आहे की विषय असा दुखरा आहे म्हणूनच प्रगत विद्यार्थ्यांसाठी तो फार मोलाचा आहे. अट एवढीच, की 'उपभोगवाद चांगला की वाईट' असा वाद लावून तो वाया घालवू नये. हिशेब मांडून आणि विकणाऱ्याची इंग्रजी बारकाईने वाचून तो शिकवावा. या विषयाकडे आजवर कसकसं पाहिलं गेलं आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल, याचा हा आढावा.

आधी वर्गात कोण बसतं ते पाहू. नागपूरच्या नैर्ऋत्येला वेणा नदीकाठी हिंगणा हे तालुक्याचं गाव. नागपूरकडून येताना हिंगणा मार्गावर सीआरपीएफचा तळ लागतो. डिगडोहच्या टेकड्यांवर अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि लता मंगेशकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे वानाडोंगरीला १९८४ पासूनचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि या सगळ्याला लागून एमआयडीसी, जिथे महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. त्यामुळे एकाच बाकावर यवतमाळ-वर्ध्याकडून आलेली वसतिगृहातली मुलगी, एमआयडीसीतल्या कामगाराचा मुलगा, परदेशी जायचं म्हणून आयईएलटीएसची तयारी करणारी परिचारिका आणि कारखान्यातला सुपरवायझर असे चौघं शेजारी शेजारी दिसतात. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली आणि नागपुरातला बर्डीचा बाजार या सगळ्यांच्या आणखी जवळ आला.

या भागाचं खरेदीचं पंचांगही पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकडची लहान मुलं त्या दिवशी लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि नंदीची किंमत ही गल्लीतली चर्चा असते. मग घटस्थापना. २०२५ साली नेमक्या त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि कर कमी झाल्याची जाहिरात सणाच्या जाहिरातीत मिसळून गेली. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन बाजारात येतं. त्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण शेतकऱ्याच्या घरी प्रश्न असतो तो हाती किती आले याचा. त्याच दिवसांत कारखान्यांत बोनसची बोलणी चालू असतात. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरलेला आहे, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, एक पगार. मात्र तो मोजताना वेतनाला कमाल मर्यादा धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात हातात पडणारी रक्कम अनेकांच्या महिन्याच्या पगारापेक्षा कमी असते. ठेकेदाराकडच्या कामगाराला तर ती मिळेल का, इथूनच सुरुवात. दिवाळीच्या खरेदीवर इंग्रजीत दोन मिनिटं बोल, असं आपण मुलाला सांगतो तेव्हा आपण त्याला यातल्या कशाबद्दल बोलायला लावतो आहोत, हे शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे.

आता चर्चा. इंग्रजीच्या वर्गात 'चर्चा' हा शब्द फार सैल वापरला जातो. पेनी अर यांनी १९८१ च्या पुस्तकातच सांगून ठेवलं होतं की नुसता विषय देऊन चर्चा होत नसते. गटाला काहीतरी काम हवं, आणि त्या कामाच्या शेवटी हातात काही निघालं पाहिजे: क्रमवारी, निर्णय, यादी, निवाडा. त्याच सुमारास आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरसह दक्षिणेतल्या काही शाळांत प्रयोग केला. मुलांचं लक्ष भाषेच्या नियमाकडे नसून अर्थाकडे असताना भाषा अधिक पक्की होते, हे त्यांचं सूत्र. त्यांनी कामांचे तीन प्रकार पाडले. एकाकडची माहिती दुसऱ्याला द्यायची. दिलेल्या माहितीतून तर्काने काही काढायचं. आणि स्वतःचं मत द्यायचं. यांतला मधला प्रकार वर्गात सर्वांत चांगला चालतो असं त्यांना दिसलं. दक्षिणेतल्या साध्या शाळांतून निघालेला हा निष्कर्ष पुढे जगभर कार्याधारित अध्यापनाच्या पायाशी गेला, आणि आपल्या महाविद्यालयांत मात्र आपण अजून मतांवरच अडून आहोत. 'ऑनलाइन शॉपिंग, वरदान की शाप' हा विषय फळ्यावर लिहायचा, वर्गाचे दोन भाग करायचे आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकला म्हणायचं.

कॅम्पस मुलाखतींच्या तयारीतल्या गटचर्चांनी ही सवय आणखी घट्ट केली आहे. सुरुवात कोण करतो, मध्ये कोण घुसतो, शेवटचा सारांश कोण बोलतो यावर तिथे गुण मिळतात असा विद्यार्थ्यांचा समज असतो. त्यातून ठराविक वाक्यं तयार होतात आणि प्रत्येक विषयाला तीच चिकटवली जातात. भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर हे प्रगत इंग्रजीच्या अगदी उलट आहे. भाषा-पातळ्यांच्या युरोपीय चौकटीतल्या बी-टू पातळीचा विद्यार्थी आपलं मत कारणासह मांडतो. सी-वन पातळीवर तो ते मत किती ठामपणे, कोणत्या अटीवर, कुणासमोर मांडायचं हे तोलतो. समोरच्याचं किती मान्य आहे ते सांगून मग आपलं म्हणतो. खरेदी आणि उपभोग या विषयात हे तोलणं आपोआप करावं लागतं, कारण त्यात शंभर टक्के बरोबर कुणीच नसतं.

डोग्मे पद्धतीचे स्कॉट थॉर्नबरी आणि ल्यूक मेडिंग्ज म्हणतात, पुस्तक बाजूला ठेवा, वर्गातल्या माणसांतूनच धडा उभा राहू द्या. मला ते पटतं, पण अर्धंच. वर्गातली माणसं पुरेशी असतात हे खरं. पण प्रगत विद्यार्थ्याला त्याच्यापेक्षा अवघड मजकुराशी झुंजायला लावलं नाही तर तो आहे तिथेच फिरत राहतो. त्याच्या तोंडी अस्खलित पण सपाट इंग्रजी येते. म्हणून मजकूर हवाच. तो लंडनच्या पुस्तकातला असण्याची गरज नाही. तो दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पानभर छापलेला असतो.

ही जाहिरात मी वर्गात कशी वापरतो ते सविस्तर सांगतो, कारण या साऱ्या विषयाचं मर्म माझ्या मते इथे आहे. जाहिरातीतला मोठा मजकूर कागदाने झाकायचा. उघडी राहते फक्त तळाची बारीक अक्षरं आणि तारांकित टिपा. प्रत्येक गटाने वाचून एकच काम करायचं: या दुकानात गेलात तर नक्की काय मिळेल याची इंग्रजीत यादी करायची. फक्त नक्की मिळणाऱ्या गोष्टी. पहिल्या पाच मिनिटांत याद्या लांबलचक होतात. मग एकेका ओळीला प्रश्न लागतात. 'अप टू ६० टक्के' म्हणजे कमीत कमी किती? 'निवडक वस्तूंवर' म्हणजे कुणी निवडलेल्या? 'साठा असेपर्यंत' म्हणजे किती साठा? 'अटी लागू' म्हणजे कोणत्या, आणि त्या कुठे छापल्या आहेत? ओळी एकामागून एक खोडल्या जातात. एका गटातला मुलगा शेवटी म्हणाला, "सर, याच्यात त काहीच पक्कं नाही नं!" हे त्याला मराठीत उमगलं, आणि आता तेच त्याला इंग्रजीत सांगायचं होतं. इथून व्याकरणाची खरी गरज सुरू होते. मे आणि माइट, प्रोव्हायडेड दॅट, अनलेस, सब्जेक्ट टू, ॲट द सोल डिस्क्रिशन ऑफ. पुस्तकात या रचना वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात. इथे त्या एकाच पानावर आणि एकाच हेतूने येतात: देणाऱ्याला बांधून न घेता घेणाऱ्याला ओढण्यासाठी.

पुढचा टप्पा हप्त्यांचा. 'नो कॉस्ट ईएमआय' हे तीन शब्द माहीत नाहीत असा विद्यार्थी हिंगण्यात मिळणार नाही. ते शब्द खरे किती, हे काढायला आकडेमोड लागते. समजा फोन २४,००० रुपयांचा, हप्ते ६, दर महिन्याला ४,०००. बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला तर बँक प्रत्यक्षात कर्ज देते साधारण २२,९८४ रुपयांचं. वरचे १,०१६ रुपये व्याज, आणि तेवढीच रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी वजा करतो. इथवर हिशेब बरोबर जुळतो. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे १८३ रुपये. बँक १९९ रुपये प्रक्रिया शुल्क घेत असेल तर त्यावरही जीएसटी. विनाखर्च म्हणून घेतलेल्या फोनवर चारशेच्या वर रुपये जातात. शिवाय रोखीने घेतला असता जी सूट मिळाली असती ती गेली, ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल खडसावलं होतं; व्याज बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं, असं त्या परिपत्रकाचं म्हणणं. ते परिपत्रक छोटं आहे, त्याची इंग्रजी कोरडी आणि नेमकी आहे. जाहिरात आणि परिपत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचले की एकाच व्यवहाराबद्दल दोन प्रकारची इंग्रजी कशी बोलते ते मुलांना दिसतं. अभियांत्रिकीच्या मुलांना तर हा धडा फार आवडतो, कारण इंग्रजीच्या तासाला त्यांना पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढावा लागतो.

तिसरा मजकूर सरकारी आहे आणि तो शिक्षकांच्या नजरेतून अजून सुटलेला दिसतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. संकेतस्थळं आणि ॲप ग्राहकाला कसं भुलवतात त्याचे १३ प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. दोनच नग उरलेत असं खोटंच सांगून घाई करायला लावणं, न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवत नेणं, सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं. यांतला एक प्रकार भाषाशिक्षकाच्या फार कामाचा: 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशा शब्दांत नकाराचं बटन लिहिणं. तत्त्वांत उदाहरण आहे विमानाच्या तिकिटाचं. विमा नको असेल तर ग्राहकाला 'मी असुरक्षितच राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवावं लागतं. विद्यार्थ्यांनी सणाच्या आठवड्यात आपापल्या फोनवरचे असे नमुने टिपून आणायचे, ते कोणत्या प्रकारात बसतात यावर गटात वाद घालायचा आणि एकमत करून इंग्रजीत चार ओळींचं कारण लिहायचं. नमुने बहुतेक वेळा दोन प्रकारांच्या सीमेवर असतात, आणि चर्चा तिथेच रंगते. सरकारी व्याख्येतला एकेक शब्द ताणून पाहावा लागतो. प्रभूंच्या मधल्या प्रकाराचं याहून चांगलं काम मला अजून सापडलेलं नाही.

'ब्लॅक फ्रायडे' या अमेरिकी सवलतींच्या दिवसावरचे तयार धडे आपल्या शिक्षकांकडेही पोहोचले आहेत. त्यांत गर्दीचं छायाचित्र असतं, शब्दसंग्रह असतो, 'बाय नथिंग डे'ची ओळख असते. १९९२ साली कॅनडात सुरू झालेली ही काही न घेण्याची चळवळ जाणून घ्यायला हरकत नाही. पण आपल्या विद्यार्थ्याचा थँक्सगिव्हिंगशी काहीही संबंध नाही, आणि एक दिवस काही न घेणं हा निषेध आहे हे वर्षातले कितीतरी दिवस परवडत नाही म्हणून काही न घेणाऱ्या घरातल्या मुलाला कसं सांगायचं? या धड्यांना पंधरा मिनिटं पुरतात.

विचारवंतांचं तसं नाही. तिथे थांबलं पाहिजे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. प्रगत विद्यार्थ्यांना ती लगेच पकडता येते, आणि लग्नातल्या मंडपापासून गाडीच्या क्रमांकापर्यंत तिची उदाहरणं ते देतात. मला त्यात एक धोका दिसतो. ही कल्पना हातात आली की तिचा मारा बहुधा खालच्या दिशेने होतो. कामगाराच्या मुलीने पहिल्या पगारातून चांगला फोन घेतला की तो दिखावा, आणि ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सोनं आहे त्याचा अक्षय्य तृतीयेचा हार ही परंपरा. चर्चेत असं होऊ लागलं की शिक्षकाने गप्प बसू नये. ज्याला कधी काही मिळालं नाही त्याने पहिल्यांदा घेतलेली वस्तू म्हणजे काय, याची बाजू इंग्रजीत मांडायला त्याने कुणाला तरी उभं करावं.

यावर उत्तम मजकूर आपल्या अंगणात आहे. हिंगण्याहून वर्धा फार दूर नाही. तिथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाले आणि ते पाहायचे जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तावर अभ्यास केलेला हा माणूस. जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक लिहिलं, ते १९४५ साली आलं, गांधींची प्रस्तावना घेऊन. वस्तू विकत घेणारा हा ती वस्तू बनताना झालेल्या अन्यायात वाटेकरी होतो, हा त्यांचा आग्रह. त्यांची इंग्रजी आखूड वाक्यांची, निर्भीड आणि तर्काने बांधलेली आहे; सी-वनच्या विद्यार्थ्याला ती आव्हान देते पण थकवत नाही. आपल्या मुलांना वाचनाचे उतारे परदेशी मासिकांतून देताना वर्ध्यात लिहिणाऱ्या या माणसाचं एकही पान आपण देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नागपूर विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर कोरडे ओढले आहेत. ग्रामगीतेतला तो भाग घरी मोठ्यांकडून समजून घ्यायचा आणि वर्गात इंग्रजीत सांगायचा. ओवीचं भाषांतर अपेक्षित नाही, तिच्यातला युक्तिवाद सांगायचा. युरोपीय चौकटीच्या २०२० च्या पुरवणीत याला मध्यस्थी म्हटलं आहे, आणि ते भाषेचं स्वतंत्र कौशल्य मानलं आहे.

मध्यस्थीची गरज हिंगण्यातल्या मुलाला परीक्षेपेक्षा घरात जास्त आहे. हप्त्याच्या अटी इंग्रजीत, नागपूरच्या इतवारी बाजारातला दुकानदार हिंदीत बोलतो, आई मराठीत विचारते की एकूण किती जाणार. तिघांच्या मध्ये हा उभा. म्हणून माझ्या मते या धड्यात मराठीला दाराबाहेर ठेवणं चूक आहे. अटी इंग्रजीत वाचून आईला मराठीत एका मिनिटात समजावणं आणि आईचा प्रश्न बँकेला इंग्रजीत विचारणं, हे दोन्ही प्रगत भाषेचंच काम. ज्याला हे जमतं त्याचं इंग्रजी कच्चं असूच शकत नाही.

दसऱ्याच्या दिवसाबद्दल एक गोष्ट परक्या पाठ्यपुस्तकात कधीही मिळणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात आणि तिथे पुस्तकांची दुकानं ओळीने लागतात. खेड्यांतून आलेली माणसं, हातावर पोट असलेली माणसं, पिशवी भरून पुस्तकं घेऊन परत जातात. त्याच दिवशी इतवारीच्या सराफ्यात साडेतीन मुहूर्तांतला एक म्हणून सोन्याची खरेदी होते. एकाच शहरात, एकाच सणाला, या दोन खरेद्या. 'कन्झ्युमरिझम' या एका शब्दात दोन्ही कोंबता येत नाहीत, हे विद्यार्थ्यांना आपणहून कळतं, आणि मग ते शब्द शोधू लागतात: प्रतिष्ठेसाठी, स्वाभिमानासाठी, भविष्याच्या तरतुदीसाठी, रीत म्हणून, इतरांच्या नजरेसाठी. या फरकांना इंग्रजी शब्द हवेत ही भूक निर्माण झाल्यावर शब्दसंग्रह शिकवावा लागत नाही, फक्त पुरवावा लागतो. ही चर्चा नाजूक आहे. वर्गात दोन्हीकडची मुलं असतात आणि एकाच्या सणाला दुसऱ्याच्या सणापेक्षा वरचढ ठरवण्याकडे ती घसरू शकते. पण त्या भीतीने ती टाळली तर आपणही प्रकाशकांच्या टाळायच्या यादीत एक ओळ वाढवली असं होईल.

नाजूकपणाचा दुसरा भाग पैशाचा. 'या दिवाळीला तू काय घेतलंस?' हा प्रश्न वर्गात कुणालाही विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. पाठ्यपुस्तकं तो सहज विचारतात. ज्याच्या घरी यंदा काहीच घेतलं नाही त्याला खोटं बोलावं लागतं, आणि खोटं बोलताना माणूस परक्या भाषेत अधिकच अडखळतो. त्याऐवजी मी एक कल्पित कुटुंब देतो. वडील एमआयडीसीत, थोडी कोरडवाहू शेती, बोनस आणि सोयाबीन मिळून हाती ४०,००० रुपये. समोर कृषी केंद्राची उधारी १२,०००, मुलीच्या वसतिगृहाचे ११,०००, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं, धाकट्याला फोन हवा, सगळ्यांना कपडे, फराळ आणि नव्या जावयाचा दिवाळसण. गटाने वाटप ठरवायचं आणि प्रत्येक नकाराचं कारण इंग्रजीत, त्या माणसाला न दुखावता, सांगायचं. एकदा एका गटात सगळ्यांनी कृषी केंद्राची उधारी पुढे ढकलली. आतापर्यंत फारसं न बोललेली एक मुलगी म्हणाली, "इफ वी डोन्ट पे हिम नाऊ, ही वोन्ट गिव्ह अस सीड इन जून." कल्पित कुटुंब बोलता बोलता तिचं होऊन गेलं होतं, आणि ते फक्त तिलाच ठाऊक होतं. कुणी काही विचारलं नाही. गटाने वाटप बदललं.

या कामात आणखी एक गोष्ट हटकून पुढे येते. फराळ, कपडे, देणंघेणं यांची यादी बहुतेक मुलीच नीट करतात; काय राहिलं ते त्यांच्या लक्षात असतं. निर्णय जाहीर करायला मात्र मुलगा उभा राहतो. म्हणून जाहीर करणारा आणि यादी करणारा यांची अदलाबदल करण्याचा नियम ठेवावा. त्याने दोघांच्याही भाषेत फरक पडतो.

चुका कधी सुधाराव्यात यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मी थोडक्यात सांगतो. चर्चा चालू असताना नाही. शिक्षकाने टिपत राहावं आणि शेवटी अर्थाला धक्का देणाऱ्या पाच-सहा चुकाच फळ्यावर घ्याव्यात, नाव न घेता. आयईएलटीएसवाल्यांची घाई समजण्यासारखी आहे. त्या परीक्षेच्या बोलण्याच्या तिसऱ्या भागात चार-पाच मिनिटं अशीच अमूर्त चर्चा असते आणि खरेदी, जाहिराती हे विषय तिथे नेहमीचे. पण पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला कळतं. कल्पित कुटुंबासाठी भांडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर पाठ करण्याची गरज पडत नाही.

उपभोगवादावरच्या चर्चांमध्ये ग्राहक एक तर भोळा असतो, नाही तर हावरा. महाराष्ट्राने तिसरा ग्राहक घडवला आहे आणि त्याची ओळख वर्गात झाली पाहिजे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याची मागणी नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, ही तिची रीत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे या चळवळीच्या रेट्याचा वाटा आहे. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही; १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. एवढं सांगितलं की वर्गातला एखादा तरी विद्यार्थी खिशातून पावती काढतो.

म्हणून या मालिकेतलं शेवटचं काम तक्रारपत्राचं. खऱ्या पावतीवर, खऱ्या बिघाडावर. पहिल्या खर्ड्यात मुलं विनवण्या करतात: आम्ही गरीब आहोत, कृपा करा. दुसऱ्यात धमक्या येतात. तिसऱ्या-चौथ्यात कुठे तारीख, ऑर्डर क्रमांक, काय कबूल केलं होतं, काय मिळालं, आता नेमकं काय हवं आणि किती दिवसांत, हे क्रमाने येऊ लागतं आणि आवाज स्थिर होतो. अस्खलित बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा स्थिर आवाज सापडायला वेळ लागतो, आणि प्रगत पातळीची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही. ज्यांना पाठवायची असतात ते पत्रं पाठवतात. कंपनीचं उत्तर आलं की ते वर्गात वाचायचं. सोबत वाचायला ऑक्टोबर २०१४ मधलं फ्लिपकार्टच्या संस्थापकांचं माफीपत्र द्यावं. ६ तारखेच्या पहिल्या 'बिग बिलियन डे'ला उडालेल्या गोंधळानंतर त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते ग्राहकांना पाठवलं होतं. दोन्ही पत्रांतलं कोणतं वाक्य जबाबदारी घेतं, कोणतं नुसती दिलगिरी दाखवतं आणि कोणत्या वाक्यातून कर्ताच गायब केलेला आहे, ते पेन्सिलीने खुणा करत शोधायचं. हे काम एका तासात संपत नाही. उरलेलं पुढच्या आठवड्यात घ्यावं लागतं.